टेम्प्लेटमधल्या तीस गोळ्या

पत्र: मी कणकवली तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या ६० खाटांच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे केस पेपर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं. ऑर्थोचं डिस्चार्ज टेम्प्लेट, म्हणजे रुग्णाला घरी सोडतानाच्या कार्डाचा तयार नमुना, उघडलं की दुखण्यावरची ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची गोळी, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस, एकूण ३० असं आपोआप भरून येतं. हात मोडलेला पोरगा असो की बोटाला चार टाके पडलेली बाई, जवळजवळ सगळ्यांच्या हातात तीस गोळ्या जातात. सॉफ्टवेअर कंपनीचा मुलगा म्हणतो, 'मॅडम, आकडा सांगा, दोन मिनिटांत बदलतो.' मोठ्या सरांकडे विषय काढला तर ते म्हणाले, 'औषध किती द्यायचं ते आम्ही ठरवायचं की कॉम्प्युटरने?' मी गुपचूप दहा करून घेतलं तर कुणाला कळणारही नाही. पण ते बरोबर होईल का? आणि आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्णही येतात. त्यांच्या गोळ्या कमी झाल्या तर ते पाप माझ्या माथी येईल, ही भीती आहे.

उत्तर:

ताई, गुपचूप करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तो मुलगा खरंच दोन मिनिटांत आकडा बदलून देईल आणि मग मागे फिरणं अवघड जाईल. पण तुम्ही जे करायला निघाला आहात ते करायलाच हवं, आणि तुमच्या हॉस्पिटलात ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी करेल असं मला दिसत नाही. गोळ्या कुणाला किती गेल्या याचं रजिस्टर तुमच्याच हातात असतं.

मी भूलतज्ज्ञ. निवृत्त झाल्यावरही दुखण्याच्या रुग्णांना घरी जाऊन बघते. दोन वर्षांपूर्वी आचऱ्याच्या बाजूला एका वाडीवर कॅन्सरच्या एका आजींकडे गेले होते. शेजारचे काका उंबऱ्यात येऊन बसले. एप्रिलात आंबे उतरवायचा झेला घेऊन हापूसवर चढले होते, फांदी तुटली, मनगट मोडलं, प्लेट बसवली. हे ऑगस्टमध्ये सांगत होते. मनगट छान जुळलेलं, मूठ घट्ट वळत होती. मग हळूच म्हणाले, 'डॉक्टरानू, दुखणां कधीच गेलां. पण ती गोळी घेतल्याबिगर झोप येणा नाय माका.' सुनेने फडताळातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणून दाखवला. आत ट्रामाडोलच्या चार स्ट्रिपा, त्यातली एक अर्धी. डब्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड. त्या एका कार्डावर चार महिने औषधाच्या दुकानातून गोळ्या येत होत्या. डोकं दुखलं म्हणून सुनेनेही एकदा त्यातली एक घेतली होती आणि दुपारभर उलट्या करत पडून राहिली होती.

काकांनी मध्ये दोन दिवस गोळी बंद करून बघितली, तेव्हा घाम फुटला, जीव कासावीस झाला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्यांना वाटलं, हाड अजून आतून दुखतंय. कुणी सांगितलंच नव्हतं की ट्रामाडोल हे अफूच्या कुळातलं औषध आहे आणि ते सोडताना शरीर असं बोलतं. त्यांची गोळी हळूहळू उतरवायला आम्हाला पाच आठवडे लागले. ते कार्ड मी पुन्हा पुन्हा बघितलं. तीन वेळा, दहा दिवस, एकूण ३०. कुणा डॉक्टरने विचार करून लिहिल्याची एकही खूण त्यावर नव्हती. आकडा छापून आला होता, खाली सही झाली होती.

त्या डॉक्टरला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण मीही हे केलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या वॉर्डात डिस्चार्जच्या छापील चिठ्ठ्या होत्या. दुखण्याच्या गोळीपुढे 'पाच दिवस' असं छापलेलं असायचं, फक्त नाव घालायचं आणि सही करायची. त्या पाचाचा मी कधी तीन केल्याचं किंवा आठ केल्याचं मला आठवत नाही. अकराच्या आत खाटा रिकाम्या करायच्या असतात, नातेवाईक रिक्षा थांबवून उभे असतात, दुपारची एसटी चुकली तर लोक रात्रीपर्यंत घरी पोचत नाहीत. अशा वेळी भरलेल्या चौकटीवरून हात पुढे सरकतो. आता छापील चिठ्ठीच्या जागी टेम्प्लेट आलं, एवढाच फरक.

म्हणून सरांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. आत्ता या घडीला कॉम्प्युटरच ठरवतो आहे. ३० हा आकडा तुमच्या सरांनी दिलेला नाही. सॉफ्टवेअर बसवताना चौकट रिकामी दिसू नये म्हणून कुणीतरी तो टाकला असणार, आणि त्या माणसाने तुमचा एकही रुग्ण बघितलेला नाही. सरांना त्यांचा अधिकार परत द्यायचा आहे, ही गोष्ट त्यांना याच शब्दांत सांगा. ती खरी आहे.

यावर अमेरिकेत बरंच काम झालं आहे, कारण तिथे अफूच्या कुळातल्या गोळ्यांनी घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. येल विद्यापीठाच्या रुग्णालयांत कॉम्प्युटरमधला ठरलेला आकडा ३० वरून १२ केला. कुणाला मनाई केली नाही, डॉक्टर हवा तो आकडा घालू शकत होते. एका प्रिस्क्रिप्शनमागे मध्यावर येणारी संख्या ३० होती, ती २० वर आली. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. गोळ्या संपल्या म्हणून परत मागायला येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दोन आपत्कालीन विभागांचा अनुभवही छापून आला. तिथे दहाचा आकडा आधीच भरून ठेवल्यावर नेमक्या दहा गोळ्यांच्या चिठ्ठ्या सुमारे २१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्या. कॅलिफोर्नियातल्या दोन आपत्कालीन विभागांनी हा आकडा कधी ५, कधी १०, कधी १५ असा आलटून पालटून ठेवला. भरलेला आकडा पाचाने वाढला की चिठ्ठीत सरासरी जवळपास एक गोळी जास्त जात होती. एक गोळी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण रोजच्या डिस्चार्जने गुणून बघा, वर्षाचा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर करता येईल.

आणि दिवसांचं महत्त्व आहेच. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये कॅन्सर नसलेल्या, पहिल्यांदाच या औषधांवर आलेल्या प्रौढांची आकडेवारी मांडली. पहिली चिठ्ठी एका दिवसाची असली तर वर्षानंतरही औषध चालू असण्याची शक्यता साधारण ६ टक्के, आठ दिवस किंवा जास्त असली तर साडेतेरा, महिन्याच्या वर गेली तर जवळपास ३०. ज्यांना जास्त दुखतं त्यांनाच जास्त दिवसांची चिठ्ठी मिळते, त्यामुळे सगळा दोष चिठ्ठीच्या लांबीवर टाकता येत नाही. तरी तुमच्या टेम्प्लेटमधले दहा दिवस या उतरंडीवर कुठे बसतात ते दिसतंच आहे.

एवढं असूनही गुपचूप का नको? औषधाची मात्रा हा वैद्यकीय निर्णय आहे आणि त्याखाली सही डॉक्टरची असते. तुम्ही मागच्या दाराने आकडा बदललात आणि तीन महिन्यांनी सरांच्या लक्षात आलं, तर ते तो परत ३० करतीलच, शिवाय त्यानंतर तुमच्या कुठल्याच सूचनेवर विश्वास ठेवणार नाहीत. दुसरं कारण मला जास्त भीतीदायक वाटतं. आज तुम्ही चांगल्या हेतूने गुपचूप आकडा बदलाल, उद्या दुसरं कुणी वाईट हेतूने बदलेल. हे घडलेलं आहे. प्रॅक्टिस फ्यूजन नावाची अमेरिकन कंपनी डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदींचं असंच सॉफ्टवेअर पुरवायची. एका अफूजन्य औषधाच्या कंपनीकडून पैसे घेऊन तिने सॉफ्टवेअरमध्ये वेदनेबद्दलच्या अशा सूचना घातल्या की डॉक्टरचा कल जास्त वेळ टिकणाऱ्या त्या गोळ्यांकडे व्हावा. डॉक्टरांना ते निखळ वैद्यकीय मार्गदर्शन वाटत होतं. जानेवारी २०२० मध्ये त्या कंपनीने साडेचौदा कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. म्हणून त्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारा: टेम्प्लेटमध्ये औषधाचं शास्त्रीय नाव आहे की एखाद्या ब्रँडचं? ब्रँडचं असेल तर ते कुणी घातलं? आणि यापुढे टेम्प्लेटमधला कुठलाही आकडा बदलला की कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून याची नोंद राहिली पाहिजे, मग बदल करणाऱ्या तुम्ही असलात तरी.

आता सरांकडे कसं जायचं. बैठकीत सगळ्यांसमोर हा विषय पहिल्यांदा काढू नका. ट्रामाडोल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांखाली विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, त्यामुळे त्याचं वेगळं रजिस्टर तुम्ही ठेवताच आणि ते तीन वर्षं जपून ठेवावंच लागतं. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. त्या रजिस्टरमधून ऑर्थोचे शेवटचे पन्नास डिस्चार्ज काढा. कुठलं दुखणं, किती गोळ्या, एवढे दोनच रकाने. कितींच्या चिठ्ठीत ३० तसाच राहिला ते मोजा. तो कागद घेऊन सर एकटे असताना, ओपीडी संपल्यावर चहाच्या वेळी जा आणि फक्त विचारा, 'सर, यातल्या कुणाला खरोखर तीस लागल्या असत्या?' बहुतेक चांगले सर्जन तो कागद बघून गप्प होतात आणि मग स्वतःच पेन काढतात. हे मी दोन ठिकाणी बघितलं आहे. पेन त्यांच्याच हातात राहू द्या.

आकडा काय असावा हे त्यांनी ठरवायचं, पण तुम्ही दहाचा विषय काढला आहे म्हणून माझं मत देते. टाके, गाठ काढणं, बोटाचं साधं फ्रॅक्चर यांच्या टेम्प्लेटमध्ये ट्रामाडोल असूच नये. पॅरासिटामॉल घड्याळ लावून दिलं आणि ज्यांची किडनी, जठर ठीक आहे त्यांना जोडीला सूज उतरवणारी गोळी दिली की भागतं. प्लेट, रॉड, सांध्याचं ऑपरेशन असेल तर तीन दिवस, आणि तेही 'दुखलं तरच'. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात तीव्र वेदनेसाठी बहुतेक वेळा तीन दिवस किंवा त्याहून कमी पुरतात आणि सातच्या वर क्वचितच लागतं असं म्हटलं होतं. तीन दिवस म्हणजे नऊ गोळ्या, आणि त्या दहाच्या एका स्ट्रिपमध्ये बसतात. तुम्हाला स्ट्रिप कापत बसायला नको आणि उरली तर एक उरते. 'तीन वेळा' हे शब्द मात्र काढून टाका. आपल्याकडे डॉक्टरने तीन वेळा लिहिलं म्हणजे दुखो न दुखो तीन वेळा घ्यायचीच, असा रिवाज आहे.

ट्रामाडोलचा आकडा खाली आणून टॅपेन्टाडॉलचा तसाच ठेवलात, तर महिन्याभरात सगळ्या चिठ्ठ्या तिकडे सरकतील. ती गोळीही याच कुळातली आहे, दोन्ही एकदम बदला. सीझरच्या टेम्प्लेटमध्ये ट्रामाडोल आहे का तेही आजच बघा. अंगावर पाजणाऱ्या आईला ते देऊ नये, अशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची २०१७ पासूनची सूचना आहे, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना तर नाहीच. हे मात्र बैठकीची वाट बघत ठेवू नका. दिसलं तर त्याच दिवशी गायनॅकच्या मॅडमना दाखवा.

तो मुलगा तुम्हाला पॉपअप लावून देतो म्हणेल. 'हे औषध व्यसन लावू शकतं, पुढे जायचं का?' असली खिडकी प्रत्येक चिठ्ठीला उघडली की आठवड्याभरात हात वाचायच्या आत ती बंद करायला शिकतो, आणि मग ॲलर्जीची खरी खिडकी आली तरी तीही तशीच बंद होते. मागायचीच असेल तर एक सोय मागा. वॉर्डात चालू असलेली सगळी औषधं एका कळीने डिस्चार्ज कार्डावर उतरतात ना, त्यातून या दोन गोळ्या वगळायला सांगा. घरी द्यायची असेल तर डॉक्टरने ती नव्याने लिहावी. माझ्या मते निम्मं काम तिथेच होईल.

इथपर्यंत अमेरिकेचं उदाहरण चाललं. पुढे ते आपल्याला तसंच्या तसं लागू पडत नाही, आणि तुमच्या भीतीचा खरा भाग इथे आहे. तिथे गोळ्या संपल्या तर माणूस गाडी काढून जातो. आपल्याकडे वैभववाडीच्या वरच्या वाडीतला माणूस प्लेट बसवून घरी गेला, चौथ्या दिवशी दुखायला लागलं आणि बाहेर आषाढातला पाऊस आहे, ओढ्यावरून पाणी चाललंय, तर तो कुठे जाणार? फोनवरून चिठ्ठी पाठवू म्हणाल तर तेही नाही. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत अमली आणि मनोविकारी पदार्थांच्या कायद्यातली औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत, आणि ट्रामाडोल त्यात येतं. म्हणून भरलेला आकडा ही मर्यादा होता कामा नये. डॉक्टरला तो एका कळीत वाढवता आला पाहिजे, का वाढवला ते लिहायची सक्ती नको. घर किती लांब, घरी कोण आहे, हे सिस्टरने डिस्चार्जच्या वेळी विचारायचं आणि डॉक्टरला सांगायचं. लांबच्या माणसाला दोन स्ट्रिपा गेल्या तर जाऊ द्या. कुणीतरी त्याच्याकडे बघून ठरवलं, एवढं मला पुरे आहे.

आणि कॅन्सरचे रुग्ण. ताई, तुमच्या पत्रातली ही शेवटची ओळ वाचून मला तुमच्याबद्दल फार आपलेपणा वाटला. आपल्या देशात अफूजन्य औषधांचा प्रश्न दोन्ही टोकांना आहे. काकांच्या डब्यात चार स्ट्रिपा पडून होत्या आणि भिंतीपलीकडच्या आजी, जबड्याच्या कॅन्सरच्या, मॉर्फिन मिळत नाही म्हणून पदराचा बोळा दातात धरून रात्र काढत होत्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये हिशोब मांडला, त्यात भारतात या औषधांच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्के पुरवठा होतो असं दिसलं. आणि अफू पिकवणारा देश आपलाच, मध्य प्रदेश-राजस्थानातली ती शेतं कायदेशीर आहेत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या धाकाने दुकानदारांनी, हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ती ठेवता येतात. पण अर्ज करायचा कुणी, हा प्रश्न हॉस्पिटलागणिक तसाच पडून राहतो.

तर कॅन्सरच्या रुग्णांसाठी वेगळं टेम्प्लेट करा आणि त्याला या कपातीतला एकही आकडा लागू करू नका. तिथे गोळी घड्याळाप्रमाणेच द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. पुढच्या भेटीपर्यंत पुरतील एवढी द्यायची, आणि जोडीला बद्धकोष्ठाचं औषध आधीच भरलेलं असू द्या, कारण ते डॉक्टर विसरतात आणि रुग्ण लाजेने सांगत नाही. तुमच्या हॉस्पिटलाला मॉर्फिनची मान्यता आहे का ते कार्यालयात विचारा. नसेल तर गोळ्या कमी करण्याच्या ठरावासोबतच मान्यतेच्या अर्जाचा ठरावही त्याच बैठकीत मांडा. दोन्ही एकत्र ठेवलेत तर तुम्ही रुग्णाच्या बाजूने बोलताय हे सरांनाही दिसेल.

बदल झाल्यावर दोन महिने मोजत राहा. किती गोळ्या गेल्या हे रजिस्टर सांगेलच. ते सांगणार नाही अशी गोष्ट म्हणजे घरी गेल्यावर कसं झालं. त्यासाठी चौथ्या दिवशी फोन करायचा, एखाद्या सिस्टरला दुपारचा अर्धा तास द्यायला सांगा. दोनच प्रश्न: झोप लागते का, गोळ्या किती उरल्या? टाके काढायला येताना उरलेल्या गोळ्या बरोबर आणायला सांगा. आणि डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरात 'ही गोळी या चिठ्ठीवर एकदाच' असं छापून घ्या, तालुक्याच्या औषध दुकानदारांशी तुम्ही स्वतः बोला. तुमच्याच पेशातली माणसं आहेत, तुमचं ऐकतील.

फोनवर दहातले तीन-चार जण झोप लागत नाही म्हणाले, तर आकडा वाढवा, त्यात कसलाही कमीपणा मानू नका. वाडीवरून पावसात परत यावं लागलेला एक जरी रुग्ण निघाला, तरी त्याचं काय झालं ते मला सविस्तर लिहा.